वाढलेल्या आयुष्याची तजवीज

आपल्या आजी-पणजीच्या काळी घरातल्या कर्त्या पुरुषाची साठीशांत म्हणजे केवढा सोहळा असे! चार दिवस आधीपासून पाहुणे, लेकी-जावयांचे आहेर, साऱ्या आळीला जेवण. साठी गाठणं हीच मोठी मिळकत वाटायची. आज साठीशांत म्हटली की ‘घरच्या घरी छोटंसं जेवण ठेवलंय, या’ इतकंच आमंत्रण येतं, आणि उत्सवमूर्ती स्वतः स्कूटरवर बसून श्रीखंड आणायला गेलेली असते. खरा सोहळा आता पंचाहत्तरीचा, नाही तर सहस्रचंद्रदर्शनाचा. हजार पौर्णिमा पाहायच्या तर जवळजवळ एक्याऐंशी वर्षं जगावं लागतं. पूर्वी पंचक्रोशीत एखाद्यालाच लाभणारं हे भाग्य आता आपल्याच नात्यागोत्यात वर्षाकाठी एखाद्या घरी तरी उगवतं.

ही आनंदाचीच गोष्ट आहे. ‘शतायुषी व्हा’ असा आशीर्वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या देत-घेत आलो. तो खरा व्हायला लागल्यावर तक्रार कशी करायची? पण मैत्रिणींनो, आयुष्य वाढलं तशी आपण त्याची तजवीज वाढवली का? घरात एक पाहुणा जास्त येणार असला तर आपण मूठभर तांदूळ जास्त टाकतो. इथे तर प्रत्येक माणसाच्या आयुष्यात पंधरा-वीस वर्षं जास्त आली आहेत. त्यांच्यासाठी काय टाकलं आहे आपण? आणि या वाढीव वर्षांतली जास्त वर्षं आपल्या, म्हणजे बायकांच्या वाट्याला येतात. म्हणून हा विषय वर्तमानपत्राच्या अग्रलेखावर न सोडता आपणच स्वयंपाकघरात बसून विचारात घ्यायला हवा.

किती वाढलं आयुष्य?

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान होतं सुमारे ३२ वर्षं. आज ते सत्तरच्या आसपास आहे आणि स्त्रियांचं पुरुषांपेक्षा दोन-तीन वर्षांनी जास्त. हे आकडे ऐकून आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, ‘बाई, म्हणजे तेव्हा सगळे बत्तिसाव्या वर्षी मरत होते?’ तसं नव्हे. सरासरी खाली ओढली जात होती ती तान्ह्या मुलांच्या आणि बाळंतिणींच्या मृत्यूंनी. दहा मुलं व्हायची आणि त्यांतली चार-पाच हाती लागायची, हे आपल्या पणज्यांनी सहज बोलता बोलता सांगितलेलं आपल्यातल्या कितीतरी जणींनी ऐकलं असेल. देवी, पटकी, क्षय, हिवताप यांनी घरंच्या घरं रिकामी होत. पुढे लशी आल्या, क्षयावर औषधं आली, नळाचं पाणी आलं, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. देवीचा आपल्याकडचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९७७ साली देश देवीमुक्त म्हणून जाहीर झाला. अशा एकेका पायरीने आयुष्य वाढत गेलं.

आता दुसरा आकडा पाहा, तो आपल्या जास्त उपयोगाचा आहे. ज्या माणसाने साठी गाठली, त्याला त्यापुढे सरासरी आणखी अठरा-एक वर्षं मिळतात. बाईला थोडी जास्तच. म्हणजे साठीला ‘आता काय, संपलंच’ असं म्हणणाऱ्या बाईपुढे मुलीच्या जन्मापासून तिच्या लग्नाच्या वयापर्यंत जाईल एवढा काळ उभा असतो! २०११ च्या जनगणनेत साठीवरची माणसं सुमारे १० कोटी ३८ लाख भरली होती आणि त्यांत बायकांची संख्या पुरुषांहून जास्त होती. तेव्हापासून ती वाढतच गेली आहे.

शाळेत ‘माझी आजी’ हा निबंध दर वर्षी असतोच. पूर्वीच्या निबंधातल्या आजीला पांढरे केस, मऊ लुगडं, हातात जपमाळ आणि तोंडात कवळी हमखास असायची. आताच्या वह्या तपासताना आजी सकाळी हास्यक्लबला जाते, भिशी चालवते, मोबाइलवर पाककृती पाहते, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडते. एका मुलीने लिहिलं होतं, ‘माझी आजी तिच्या आईची काळजी घेते.’ वाचून मी क्षणभर थांबलेच. पण खरंच आहे ते. आज साठीच्या सुनेच्या घरात पंच्याऐंशीच्या सासूबाई आहेत. म्हातारपणाच्याही आता दोन पिढ्या झाल्या आहेत.

निवृत्ती कुणाची?

नोकरीतून निवृत्त होण्याचं वय काही देवाने ठरवून दिलेलं नाही. ते वेळोवेळी बदललं आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत पूर्वी ५५ व्या वर्षी निवृत्ती होती. १९६२ साली ती ५८ झाली आणि १९९८ साली ६०. आपल्या राज्य सरकारच्या बहुतेक नोकरांना अजूनही ५८ व्या वर्षीच निरोपसमारंभाचा नारळ मिळतो. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारा त्या वेळचा माणूस पुढे दहा-बारा वर्षं पेन्शन घेई. आजचा अठ्ठावन्नाचा माणूस हिंडता-फिरता असतो, आणि निवृत्तीनंतरही त्याच्यापुढे बरीच वर्षं उभी असतात.

या वर्षांचं काय करायचं, याचं उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिलेलं आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. आज ज्या वयात शाल-श्रीफळ देतात, त्या वयात! पुढे त्या विद्यापीठासाठी वर्गणी जमवायला सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप, अमेरिका, जपान फिरून आले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, ‘भारतरत्न’ झाले आणि १९६२ साली गेले तेव्हा त्यांचं वय १०४ होतं. सगळेच काही अण्णासाहेब कर्वे होत नाहीत. पण निवृत्ती म्हणजे गॅलरीतली खुर्ची आणि तेच वर्तमानपत्र तीनदा वाचणं नव्हे, एवढं तरी यातून घ्यावं.

घरोघर काय घडतं? नवरा निवृत्त होतो आणि बायकोचं काम वाढतं! इतकी वर्षं सकाळी नऊला डबा घेऊन बाहेर पडणारा माणूस दिवसभर घरात. अकराला चहा, एकला गरम पोळी, चारला पुन्हा चहा, आणि मधल्या वेळात ‘ही डाळ इथे का ठेवलीस?’ अशी देखरेख. शेजारच्या एक काकू हसत म्हणाल्या, ‘अगं, हे रिटायर झाले आणि मला साहेब मिळाला!’ हसण्यावारी नेलं तरी यात थोडं दुःख आहे. चाळीस वर्षं चूल सांभाळलेल्या बाईची निवृत्ती कोणत्या तारखेला? तिला निरोपसमारंभ कधी?

म्हणून आपल्याकडच्या ‘अहों’च्या निवृत्तीआधी वर्ष-सहा महिने हा विषय काढावाच. सकाळचा चहा त्यांनी करायचा, भाजी आणायची, बिलं भरायची, नातवाचा अभ्यास घ्यायचा, दुपारचे दोन तास ज्याचे त्याचे. कागदावर लिहायची गरज नाही, पण बोलणं व्हायला हवं. ज्या घरात हे बोलणं झालं, तिथे दोघांचंही म्हातारपण सुखाचं झालेलं मी पाहिलं आहे. माणसाला काम काढून घेतल्याचं दुःख असतं. त्याला घरातलं काम दिलं की ते निम्मं कमी होतं.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. निवृत्ती, पेन्शन हे शब्दच ज्यांच्या आयुष्यात नाहीत, अशांची संख्या कितीतरी मोठी आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली पंचेचाळिशीच्या पुढच्या ७२ हजारांवर माणसांची देशभर पाहणी केली. साठीवरच्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं अजून काम करत होती, असं तीत दिसलं. ही काही सगळी हौसेने काम करणारी नव्हेत. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई, मंडईत कोथिंबीर विकणाऱ्या मावशी, शेतावर खुरपणी करणाऱ्या आजी यांना निवृत्त होणं परवडत नाही. आयुष्य वाढलं म्हणजे त्यांची कष्टाची वर्षं वाढली. आपल्या घरी वर्षानुवर्षं राबणाऱ्या बाईसाठी पोस्टात महिन्याला शंभर-दोनशेचं खातं आपण चालवून दिलं, तर त्याहून चांगली दिवाळीची ओवाळणी नाही.

बायकांचं गणित वेगळं

आता जरा नाजूक विषय. तो बोलायला कुणालाच आवडत नाही. ‘अशुभ बोलू नये’ म्हणून आपण तो टाळतो आणि तिथेच बायका फसतात.

आपल्याकडे नवरा बहुधा बायकोहून तीन-चार वर्षांनी मोठा असतो. त्यात बाई सरासरीने दोन-तीन वर्षं जास्त जगते. बेरीज करा. संसाराला आलेल्या बहुतेक बाईच्या आयुष्यात शेवटची सहा-सात वर्षं एकटीची असतात. कितीजणींच्या वाट्याला तर पंधरा-वीस येतात. २०११ च्या जनगणनेत साठीवरच्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या विधवा होत्या. पुरुषांत हे प्रमाण साधारण सातांत एक होतं.

त्यातही पैशाची बाजू पाहा. जुन्या पेन्शनच्या सरकारी नोकराला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते. त्याच्या मागे बायकोला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीच्या काही वर्षांनंतर साधारण तीस टक्क्यांवर येतं. कारखान्यात, खासगी कंपनीत असलेल्यांची भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन तर मुळातच थोडी. २०१४ पासून ती कमीत कमी हजार रुपये आहे, आणि विधवेला नवऱ्याच्या पेन्शनच्या साधारण निम्मी मिळते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. त्यांच्यासाठी स्वतःच्या पगारातून कापून साठवण्याची योजना आली. माझ्यासारख्या तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईंना तर पेन्शनही नाही आणि निरोपाचा नारळही नाही. जितके तास, तितके पैसे.

महागाई धरा. भाव दर वर्षी सहा टक्क्यांनी वाढले तर बारा वर्षांत दुप्पट होतात. आज घरखर्चाला तीस हजार लागत असतील तर बारा वर्षांनी साठ हजार आणि चोवीस वर्षांनी एक लाख वीस हजार! ‘हे’ निवृत्त होताना मिळालेली फंडाची रक्कम डोळ्यांत भरते खरी. पण त्यातून मुलीचं लग्न, मुलाच्या फ्लॅटची मदत आणि घराची रंगरंगोटी झाली की पुढच्या पंचवीस वर्षांसाठी काय उरलं, हे कुणी मोजत नाही. मुलांना द्यावं, जरूर द्यावं. पण सगळं देऊन रिकाम्या हाताने बसू नये. ज्याच्या हाती दोन पैसे असतात त्या म्हाताऱ्याशी घर जरा गोड बोलतं. हे कटू आहे, पण कितीतरी घरांत खरं आहे.

मग करायचं काय? आपल्या आवाक्यातल्या काही गोष्टी सांगते.

बँकेचं खातं दोघांच्या नावावर हवं आणि ते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा प्रकारचं हवं. आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या यजमानांचं अचानक निधन झालं. खातं एकट्याच्या नावावर, वारसाचं नाव लिहिलेलं नाही. घरात पैसा असून पुढचे सहा महिने त्यांना भावाकडून उसने घ्यावे लागले.

प्रत्येक ठेव, विमा, फंड, पोस्टातलं प्रमाणपत्र यांवर नॉमिनी म्हणून नाव आहे का ते पाहावं. बँकेतला नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा असतो. कायद्याने मालक वारसच होतात. म्हणून दोघांनीही मृत्युपत्र करून ठेवावं. ते साध्या कागदावरही चालतं; दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. मृत्युपत्र केल्याने कुणी लवकर मरत नाही, हे सासूबाईंना पटवायला आमच्या घरी दोन वर्षं लागली!

राहतं घर शक्य असेल तर दोघांच्या नावावर असावं. आपल्या राज्यात २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे.

आणि स्वतःच्या नावाची थोडी तरी साठवण हवीच. ‘मला कुठे पगार आहे?’ असं म्हणू नका. गृहिणीलाही सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचं, म्हणजे पी.पी.एफ.चं खातं काढता येतं. महिना हजार रुपये पंधरा वर्षं टाकले, व्याज सात टक्क्यांच्या आसपास धरलं, तर एक लाख ऐंशी हजारांचे तीन लाखांच्या वर होतात. चाळिशीच्या आतल्या आणि प्राप्तिकर न भरणाऱ्या बायकांना अटल पेन्शन योजना घेता येते. पस्तिसाव्या वर्षी महिना ९०२ रुपये भरायला सुरुवात केली तर साठीनंतर महिना पाच हजार मिळतात, आणि पुढे जोडीदारालाही तेवढेच. मात्र महागाईचं वरचं गणित लावलं तर पंचवीस वर्षांनंतरच्या पाच हजारांची किंमत आजच्या बाराशेच्या आतच भरेल. म्हणून एका योजनेवर विसंबू नये. मीठ-मोहरीचा डबा वेगळा तसा म्हातारपणाचाही डबा वेगळा, आणि त्याला हात लावायचा नाही.

वर्षं वाढली, प्रकृतीचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतीय माणूस सरासरी सत्तर वर्षांच्या वर जगतो, पण त्यांतली धडधाकट वर्षं सुमारे साठच. म्हणजे दहा वर्षं दुखण्या-खुपण्यात. पूर्वीचे रोग आठ दिवसांत माणसाला नेत. आताचे रोग वीस वर्षं सोबत राहतात. रक्तदाब, मधुमेह, सांधे, हृदय ही सगळी पाहुण्यासारखी येतात आणि घरजावयासारखी राहतात.

आपल्याकडे बायकांची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते. त्यानंतर हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, आणि पुढे तीस वर्षं त्याच हाडांवर काढायची असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, आणि पाळी गेलेल्या बाईला १२००. आपल्या घरात दूध कुणाला मिळतं? आधी मुलांना, मग ‘ह्यांना’, उरलं तर चहाला. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आठवड्यातून तीन-चारदा नाचणीची भाकरी किंवा आंबील, रोज ताक-दही, भाजीवर, चटणीत तीळ, पालेभाज्या हे काही महाग प्रकरण नव्हे. जोडीला सकाळचं ऊन अंगावर घ्यावं. गच्चीवर वाळवणं घालणाऱ्या आपल्या आज्यांना ते आपोआप मिळत होतं. फ्लॅटमध्ये ते मुद्दाम मिळवावं लागतं.

म्हाताऱ्या माणसांचा आहार हळूहळू चहा-बिस्किटं, पातळ वरण आणि मऊ भात यांवर येतो. दात नसतात, भूक नसते, एकट्यासाठी करायचा कंटाळा असतो. त्याने स्नायू जातात आणि तोल जातो. मऊ शिजवलेल्या उसळी, मुगाचं धिरडं, घट्ट वरण, दही आणि चालत असेल त्यांना अंडं रोजच्या पानात यायला हवं. संपूर्ण शाकाहारी असणाऱ्यांनी ‘बी-बारा’ जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. त्याच्या कमतरतेने हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं आणि आपण म्हणतो, ‘वय झालं.’

पडणं हा म्हातारपणाचा मोठा शत्रू. खुब्याचं हाड मोडलं की चालतं-बोलतं माणूस अंथरुणाला खिळतं, आणि पुष्कळदा ते न्हाणीघरातच मोडतं. म्हणून आज संध्याकाळी आपलं न्हाणीघर नीट पाहा. फरशी बुळबुळीत आहे का, दाराशी सरकणारं पायपुसणं आहे का, धरायला कांब आहे का, रात्री जाण्याच्या वाटेवर दिवा आहे का? एका कांबेचा खर्च पाचशे रुपये, शस्त्रक्रियेचा लाखांत. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि जोडीला तोल सांभाळण्याचे साधे व्यायाम हे साठी-सत्तरीतही करायचेच असतात. ‘आता या वयात कसला व्यायाम’ हे वाक्यच घरातून हद्दपार करावं.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हणही आता मागे घ्यायला हवी. साठीत बुद्धी जात नाही. पण काहींना स्मृतिभ्रंशाचा आजार होतो, हे खरं आहे. वर सांगितलेल्या पाहणीच्याच एका भागात साठीवरच्यांत त्याचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आढळलं, आणि बायकांत जास्त. तेच तेच विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, रोजची आमटी कशी करायची तेच न आठवणं हा हट्ट नव्हे आणि सुनेला छळायचा डावही नव्हे. तो आजार आहे. अशा वेळी भांडण्याऐवजी डॉक्टरांकडे जावं. ऐकू कमी येणाऱ्या माणसावर ‘बहिरा’ म्हणून हसण्याऐवजी कानाचं यंत्र घ्यावं, मोतीबिंदू पिकायची वाट न पाहता दाखवून घ्यावा. ज्याला दिसतं आणि ऐकू येतं, तो माणसांत राहतो. माणसांत राहणाऱ्याचं डोकंही जास्त दिवस शाबूत राहतं.

सेवा कुणी करायची?

हा लेख वाचणाऱ्या बहुतेक जणी पस्तीस ते पंचावन्नच्या असतील. आपल्या एका बाजूला दहावी-बारावीची मुलं, दुसऱ्या बाजूला सासू-सासरे आणि माहेरी आई-वडील. औषधांच्या वेळा, पथ्याचं वेगळं जेवण, दवाखान्याच्या फेऱ्या, रात्रीची जाग. नोकरी कुणी सोडायची असा प्रश्न आला की घरातले सगळे डोळे सुनेकडे वळतात. पूर्वी हे आजारपण दोन-तीन वर्षांचं असे आणि घरात चार जावा असत. आता ते दहा-दहा वर्षं चालतं आणि सून एकटीच असते.

गंमत पाहा, २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात पोषणाची जबाबदारी सांगितली आहे ती मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर. त्या यादीत सुनेचं नाव नाही! म्हणून सुनेने हात झटकावेत, असं मी मुळीच म्हणणार नाही. आमच्या घरी सासूबाई आहेत, त्या माझ्या मुलांच्या अर्ध्या आई आहेत, आणि त्यांच्यामुळेच मी शाळेत चार तास शिकवू शकते. पण सेवा ही एका माणसाची नोकरी होऊ नये. मुलाने आईचे पाय चेपावेत, औषधं भरून द्यावीत, रात्रीची पाळी घ्यावी. लेकीने वर्षातून महिनाभर आईला घेऊन जावं. दूर, परदेशी असलेल्या भावाने ‘आई कशी आहे?’ एवढंच फोनवर न विचारता दिवसाच्या बाईचा पगार पाठवावा. आणि सेवा करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक अर्धा दिवस पूर्ण सुट्टी मिळावी. हा हक्क भांडून नको, बोलून मिळवावा.

त्याच कायद्यात आणखी एक कामाची गोष्ट आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मुलांना घर लिहून दिलं आणि त्यांनी सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. पोषणासाठी प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. कुणावर अशी वेळ येऊ नये. पण बक्षीसपत्र करताना ती अट त्यात लिहून घ्यावी.

हे माहीत असू द्या

सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्यासाठी आधारवरून वेगळं कार्ड काढावं लागतं. एस.टी.त पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि बायकांना तर मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं. साठीनंतर पोस्टात आणि बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेव ठेवता येते; तिचं व्याज दर तीन महिन्यांनी हाती येतं. पासष्टीच्या पुढच्या निराधार माणसांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. आपल्या ओळखीच्या गरजू आजींचा अर्ज तहसील कार्यालयात भरून द्यायला आपण मदत करू शकतो. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात, आता मोबाइलवरूनही देता येतो. अडचणीत असलेल्या वृद्धांसाठी १४५६७ हा फोन क्रमांक देशभर चालतो. तो घरातल्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

एवढं सगळं वाचून ‘बाई गं, किती ही कामं!’ असं वाटलं असेल. एका दिवसात नाहीच व्हायची. या रविवारी फक्त एक करा. दुपारच्या जेवणानंतर ‘ह्यांना’ आणि सासूबाई-सासऱ्यांना बसवून एक शंभर पानी वही काढा. पहिल्या पानावर सगळी खाती आणि विमे, दुसऱ्यावर प्रत्येकाची औषधं आणि डॉक्टरांचे फोन, तिसऱ्यावर घराची कागदपत्रं कुठे आहेत ते, आणि चौथ्यावर साठीनंतर कुणाला काय करायची हौस आहे ते. सासूबाईंच्या पानावर काही लिहून होईपर्यंत थांबा. पेटी शिकायची राहून गेली आहे, काशीला जायचं आहे, पोहायला शिकायचं आहे, असं काहीतरी निघेलच. आणि मग त्याच पानाच्या खाली आपलंही नाव घालून एक ओळ लिहा.